वाकलेली सुई मी सरळ केली

ही गोष्ट मी आजवर तोंडाबाहेर काढलेली नाही. बायकोला सांगितली नाही — तिला तर नाहीच नाही. पोराला नाही. संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर ज्या दोघांबरोबर बसतो त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या भवानी पेठेत मी समोरून आलो तर तुम्ही म्हातारा म्हणून वाट द्याल आणि पुढं जाल. तेच बरं आहे.

चौथीपर्यंत शिकलोय. हात जड आहे, ओळ तिरकी जाते. तीन दिवस झाले, हा कागद पुढ्यात घेतो आणि परत घडी घालून ठेवतो. अक्षर येत नाही म्हणून नव्हे. अक्षर येतं की! मग काय येत नाही?

आधी मी कोण होतो ते ऐका. बढाई वाटेल — वाटू दे. मी पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होतो. माग बिघडला की दुरुस्त करणारा. पन्नास माग एकदम धडधडत असायचे, शेजारच्या माणसाचं बोलणं कानात शिरायचं नाही, पण त्या गोंगाटात एका मागावर काही तुटलं की मला कळायचं. मालक स्वतः मला बोलवायला माझ्या घरी यायचे. मागाला फणी असते — मोठ्या कंगव्यासारखी, बारीक पोलादी तारांची. तिच्यातून दोरे ओवलेले असतात. तिची एक तार वाकली की सगळ्या चादरीत रेघ पडते. बाकीचे जॉबर फणी बदला म्हणायचे. मी म्हणायचो नाही. चपट्या तोंडाची लहान पकड आणि दोरे मोजायचं भिंग, एवढ्यावर मी ती तार अशी सरळ करायचो की कुठली वाकली होती ते मग मलाही सापडायचं नाही.

कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले. ते सगळ्या सोलापूरला माहीत आहे, त्याचं रडगाणं इथं नको.

मग मी एका दातांच्या दवाखान्यात कामाला लागलो. आमच्याच पेठेत, कोपऱ्यावर. डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला मामा म्हणायच्या. खुर्ची पुसायची, नंबर पुकारायचे, हत्यारं धुवून वाफेच्या यंत्रात घालायची आणि परत डब्यांत लावायची — हे माझं काम. काम हलकं होतं. मन हलकं नव्हतं. ज्याला मालक गाडी घेऊन न्यायला यायचे, तो आता एका पोरीचं ऐकून थुंकीचं भांडं धूत होता.

रूट कॅनाल तुम्हाला माहीत असेल. दाताच्या मुळात केसाएवढी बारीक वाट असते, तिच्यात नस असते. ती सडली की बारीक सुयांनी ती वाट खरवडून, औषधानं धुवून, टोकापर्यंत साफ करायची आणि बुजवून टाकायची. त्या सुयांना मॅडम फाइल म्हणायच्या. मी सुईच म्हणायचो. रंगीत मुठीची, अंगावर स्क्रूसारखे आटे असलेली नाजूक पोलादी सुई. मॅडम प्रत्येक सुई दिव्याखाली धरून बघायच्या. जरा वाकलेली दिसली, आटे उलगडलेले दिसले, की लाल झाकणाच्या डब्यात टाकायच्या. तो डबा कचऱ्यासाठी द्यायचं कामही माझंच.

पहिल्याच महिन्यात मी म्हणालो, "मॅडम, ही तर नवी हाय. जराशी वाकलीय. द्या, सरळ करून देतो."

खुर्चीत पेशंट होता. दारात दोघं होती. मॅडम हसल्या, वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. म्हणाल्या, "मामा, हा तुमचा माग नाही. इथं वाकलेलं परत वापरायचं नसतं."

दारातली दोघंही हसली.

एवढंच. एवढंच घडलं होतं. तुम्ही म्हणाल, यात काय लागायचं? पण मला लागलं. मी तारांचा माणूस — आणि मला सांगते वाकलेलं चालत नाही?

त्या आठवड्यात मी लाल झाकणाच्या डब्यातून दोन सुया काढून घरी आणल्या. पकड घेतली, भिंग घेतलं. आटे उलगडलेल्या सुयांना मी हात लावला नाही, तेवढी अक्कल होती. नुसत्या वाकलेल्या घेतल्या. सरळ केल्या. दुसऱ्या दिवशी धुवून, वाफेतून काढून, चांगल्या सुयांच्या डब्यात लावल्या. मॅडमनी त्यातली एक उचलली, दिव्याखाली धरली, फिरवून बघितली — आणि वापरली.

काय वाटलं मला त्या वेळी, सांगू? जिंकल्यासारखं वाटलं.

मग ते चालूच राहिलं. कधी एक, कधी तीन. ठरवलं होतं, शंभर झाल्या की एक दिवस मॅडमना सांगायचं — बघा, तुम्ही फेकलेल्याच वापरताय, कळलं तरी का? त्यांचं तोंड कसं होईल ते मी मनात किती वेळा बघितलं असेल. 

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट वाचा. मला माहीत नव्हतं असं समजू नका. कारखान्यात तार तोडायची असली आणि हाताशी काही नसलं तर आम्ही काय करायचो? वाकवायची, सरळ करायची. परत वाकवायची, परत सरळ करायची. तार गरम होते, आणि तुटते. पोरवयात शिकलेली ही पहिली गोष्ट. सरळ केलेली तार दिसायला सरळ असते, आतून ती दमलेली असते. फणीतली तार जागेवर उभी असते, तिला फिरावं लागत नाही. ही सुई तर मुळाच्या वळणात जाऊन फिरायची होती. हे मला मॅडमपेक्षा जास्त कळत होतं.

तरी मी केलं.

मग माझ्या बायकोचा दात ठणकायला लागला. कलावती तिचं नाव. उजवीकडची खालची दाढ. मी मोठ्या तोऱ्यात तिला दवाखान्यात घेऊन गेलो. मॅडम म्हणाल्या, "मामी, तुमच्याकडून काही घेणार नाही हां मी. मामा घरचेच आहेत."

घरचेच.

तिला खुर्चीत बसवलं. मॅडमनी हात पुढं केला, मी सुयांचा डबा दिला. त्या डब्यात माझ्या दोन होत्या. कुठल्या, ते मला ओळखू येत नव्हतं — एवढं चांगलं काम केलं होतं मी! तोंड उघडायचं होतं फक्त. "मॅडम, हा डबा नको, दुसरा देतो" — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी उभा राहिलो. खुर्चीतून कलावती माझ्याकडं बघत होती. नवरा शेजारी आहे म्हणून निर्धास्त.

टच्.

मॅडमच्या आधी मला ऐकू आलं. पन्नास मागांत ऐकू यायचं, तिथं तर पंखाही हळू होता.

मॅडम थांबल्या. सुई बाहेर काढली, बघितली. टोक नव्हतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. लगेच एक्स-रे काढला. मुळाच्या खालच्या वळणात एक बारीक पांढरी रेघ. त्यांनी तो तुकडा काढायचा बराच प्रयत्न केला, निघाला नाही. आणि मग त्या बाईनं काय केलं? लपवलं नाही. खुर्चीसमोर बसली आणि म्हणाली, "मामी, सुईचा तुकडा आत राहिलाय. माझ्या हातून झालंय. पुण्यात माझे सर आहेत, त्यांच्याकडं दुर्बिणीतून बघून काढायचं यंत्र आहे. तिकडं जायला लागेल." मला बाहेर बोलावून चिठ्ठी दिली, एक्स-रे दिला. म्हणाल्या, तुकड्याची भीती नाही मामा, त्याच्या पलीकडची वाट साफ झालेली नाही, तिथं घाण राहिली तर ती आत वाढत जाईल. वेळ घालवू नका. गाडीभाडं मी देते.

"माझ्या हातून झालंय." असं म्हणाल्या. मी ऐकून घेतलं.

ती चिठ्ठी खिशात घालून मी घरी आलो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. पुण्याचा डॉक्टर तुकडा काढणार. दुर्बिणीखाली धरणार. आणि त्याला पकडीची खूण दिसणार. मला एखादी फणी दाखवा, कुठल्या जॉबरचा हात फिरलाय ते मी सांगायचो. तसंच तोही सांगेल — ही वाकलेली होती, कुणीतरी सरळ केलीय. मग? मग सगळ्या पेठेत बोभाटा होणार, की ह्या जॉबरनं कचऱ्यातली सुई बायकोच्या दातात घातली.

कलावतीनं विचारलं, "अवं, पुन्याला कवा जायाचं?"

मी म्हणालो, "मॅडमनी परत बगितलं एक्स-रेत. म्हनल्या, आता गरज न्हाय. ऱ्हाऊ द्या."

आणि आठ दिवसांनी मॅडमना सांगितलं, "जाऊन आलो. ते म्हनले, काडायची गरज न्हाय."

दोन थापा. दोन्ही धडधडीत. मॅडमना बरं वाटलं, त्यांनी हात जोडले. वरून दात बुजवून दिला. तेवढा वेळ मी दोघींच्या मध्येच उभा होतो, पुण्याचं नाव निघू दिलं नाही. महिन्याभरात मी गुडघ्याचं कारण सांगून काम सोडलं.

सुरुवातीला काही झालं नाही. मला वाटलं, सुटलो. मग हिरडीवर एक पुळी आली, फुटली, गेली. परत आली. कलावती मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची. मी म्हणायचो, लवंग ठेव. ती जेवताना डाव्या बाजूनं चावायची आणि मी ताटात बघायचो. बोलता बोलता तिचा हात गालावर जायचा, आपोआप — तिला कळायचंही नाही. मला कळायचं. दर वेळी कळायचं. भिंतीच्या आत पाणी मुरत असतं ना, वरचा रंग शाबूत असतो, तसं ते तिच्या जबड्यात चाललं होतं, आणि घरात ते माहीत असलेला मी एकटा होतो.

दोन वर्षांनी एकदा लई दुखलं. मी कट्ट्यावर होतो, तोवर ती तडक मॅडमच्या दवाखान्यात गेली. कुणीतरी मला सांगितलं, मी धावत गेलो. सहा-सात पेशंट बसलेले. कलावती दारात उभी, पदर कमरेला.

"फुकट केला म्हनून असा केला व्हय गं दात? तुकडा आत ठिवलास, आन वर म्हनलीस पुन्याला जायची गरज न्हाय!"

मॅडम म्हणाल्या, "मामी, मी असं कधी—" आणि त्यांना मी दिसलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. शांतपणे विचारलं, "मामा, तुम्ही गेला होता ना पुण्याला?"

सगळे माझ्याकडं बघत होते. कलावती बघत होती. तिथं एक खिडकी होती, खिडकीत तुळशीची कुंडी होती. मला अजून ती कुंडी दिसते.

मी म्हणालो, "कोन म्हनलं हुतं पुन्याला जा म्हनून? तुमीच म्हनला ऱ्हाऊ द्या."

हे मी मोठ्या आवाजात म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मॅडमना त्या क्षणी सगळं कळलं. सुईचं नाही, पण चिठ्ठीचं कळलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मामी, या, आत्ता बसा. मी बघते." कलावती म्हणाली, तुझ्या हातात परत तोंड देऊ? तुझ्याच न्हाय, कुन्या दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत मी आता बसायची न्हाय. आणि निघाली. बसलेल्यांतली दोघं उठून तिच्या मागं बाहेर आली.

आमच्या गल्लीत बायका विड्या वळायला एकत्र बसतात. तिथं बोललेलं संध्याकाळपर्यंत पेठ ओलांडतं. वर्षभरात मॅडमच्या दवाखान्याचं शटर खाली आलं. त्याला दुसरीही कारणं असतील, मला माहीत नाही. पाटी काढताना मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. त्या कुठं गेल्या, मी विचारलं नाही.

कलावतीनं शब्द पाळला. कुठल्याच खुर्चीत बसली नाही. माझ्याशी लग्न केलंय, हट्ट तिला माझाच लागलाय. मीही कधी म्हणालो नाही, चल. वर्षं गेली.

गेल्या उन्हाळ्यात, एका दुपारी, ती भाकरी थापता थापता थांबली. उजव्या बाजूनं जबड्याखाली सूज होती, लिंबाएवढी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती गळ्यापर्यंत उतरली. कातडं लाल, ताणलेलं, हात लावला तर लाकडासारखं. तोंड बोटभरही उघडेना. थुंकी गिळता येईना, ती कडेनं गळत होती. श्वास घेताना घशात घरघर. बोलता येत नव्हतं, डोळ्यांनी विचारत होती — काय होतंय मला?

मला माहीत होतं काय होतंय. 

पोरानं उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दाताचं विष मानेत उतरलंय, अजून थोडा वेळ गेला असता तर श्वास बंद झाला असता. जबड्याखाली कापून नळ्या घातल्या. पाच दिवस ती काचेच्या पलीकडं होती. ते पाच दिवस मी काय केलं? बाकावर बसलो. पोरानं विचारलं, बाबा, एवढी वर्षं दुखत होतं तर दाखवलं का नाही? मी म्हणालो, तुझी आई ऐकते व्हय कुनाचं?

तेव्हाही.

ती वाचली. दाढ काढावी लागली. मूळ पोखरून गेलं होतं, तुकडा सुटा होऊन त्याच्याबरोबर आला. कलावतीनं तो मागून घेतला, पुरावा म्हणून. लहान प्लॅस्टिकच्या पुडीत. तांदळाच्या कणीएवढा. 

ती झोपलेली असताना मी खिडकीत बसलो आणि माझं जुनं भिंग काढलं. तुकडा तळहातावर घेतला. एका बाजूनं बघितला, उलटा करून बघितला. चष्मा पुसून परत बघितला.

पकडीची खूण नव्हती. कुठंच नव्हती. काम इतकं साफ होतं की पुण्याच्या डॉक्टरला काय, मलाच सांगता आलं नसतं. ज्याच्यासाठी ती चिठ्ठी दाबली, ते त्या तुकड्यावर नव्हतंच.

मागच्या महिन्यात माझी दाढ दुखायला लागली. पोरगा मला नव्या दवाखान्यात घेऊन गेला. कलावती बरोबर आली, खुर्चीत बसली नाही, पण खोलीत येऊन उभी राहिली. तिथला डॉक्टर तरुण आहे, बोलका आहे. दातावर रबराचा पडदा ताणला — थुंकी आत जायला नको आणि हत्यार घशात जायला नको म्हणून. एक यंत्र मुळाची लांबी मोजून टुंग टुंग वाजतं. सुई मोटारीवर फिरते, आत जरा अडकली की मोटार आपली आपण उलटी फिरते. डोळ्यावर दुर्बीण. आणि सुया? बंद पाकिटात. 

कलावती म्हणाली, "डॉक्टर, पाकीट माज्यासमोर फोडा."

डॉक्टर हसला, "आजी, तुम्ही तर इन्स्पेक्टरच आहात. हे बघा, नवं आहे. आजोबांचं झालं की फेकून देणार. वाकली नाही तरी फेकणार. दिसायला चांगल्या दिसतात हो, पण आतून दमलेल्या असतात, कधी तुटतील सांगता येत नाही."

"आन तुटलीच तर?"

"तर मी तुम्हाला सांगणार. इथंच काढता आली तर काढणार, नाही तर ज्याला येते त्याच्याकडं पाठवणार."

कलावती म्हणाली, "आमच्या त्या बाईनं एवडं जरी केलं असतं तर..."

मी खुर्चीत आडवा होतो. तोंडावर रबर होतं. मला बोलता येत नव्हतं, आणि मला ते बरं वाटत होतं. ती पायाशी उभी राहून प्रत्येक पाकीट बघत होती — माझ्या दाताला कुणी दगा देऊ नये म्हणून. शेवटी डॉक्टरनं रबर काढलं आणि विचारलं, "आजोबा, दुखतंय का? काही सांगायचंय का?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

माझी दाढ छान झाली आहे. कडक भाकरी चावतो. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी कलावतीला माझ्यापेक्षा जास्त आवडायची. आता तिचा जबडा अर्धाच उघडतो. ती भाकरी चुरून आमटीत भिजत घालते आणि ती मऊ होईपर्यंत थांबते. जबड्याखाली व्रण आहे. कुणी विचारलं की ती पुडी आणून दाखवते आणि मॅडमचं नाव घेऊन सांगते. रोज कुणी ना कुणी विचारतं. मी तिथंच बसलेला असतो.

चिठ्ठी माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे, पकड आणि भिंगाच्या खाली. कलावतीला वाचता येत नाही. मला येतं. त्यावर मॅडमनी शेवटी लिहिलंय — पेशंटला लवकर पाहावे, चूक माझी आहे.

चूक त्यांची नव्हती. सुई मी सरळ केली, डबा मी दिला, चिठ्ठी मी दाबली, आणि सात माणसांसमोर खोटं मी बोललो.

आत कलावतीनं भाकरी भिजत घातली आहे. मला हाक मारतेय. आता उठून तिच्यासमोर जेवायला बसेन.